वरच्या फळीची हौस

उर्पो लाइनोननने उभा जन्म लाकडाच्या वखारीत काढला, पण गावात त्याचं नाव झालं ते निराळ्याच कारणाने. दर शनिवारी तळ्याकाठच्या सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, तो सगळ्यात तापणाऱ्या वरच्या फळीवर बसायचा आणि मेहुणा वेइयो उतरल्याशिवाय उतरायचा नाही. वेइयोही तसाच हट्टी. दोघे लालबुंद व्हायचे, पण माघार कोण घेणार? एवढं वय झालं तरी अक्कल म्हणून नाही!

यंदा उर्पोच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी सॉना बंद केला नाही, एवढीच कृपा. खालच्या फळीवर बसायचं, थोडाच वेळ, आधी बिअर नाही आणि गरगरलं की लगेच बाहेर. उर्पोने मुकाट मान हलवली. वेइयोला मात्र सांगितलं की शहरात दात काढायला गेलो होतो. बायकोच्या भावापुढे नाक कोण कापून घेईल?

शनिवारी उर्पोची बायको आउने सॉनाच्या दाराशीच उभी राहिली. "वर चढलास तर याद राख! मी इथेच पायरीवर थांबणार आहे."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"बाळ ऐकतं तरी!"

आणि उर्पो चढलाच. वेइयोने तापल्या दगडांवर डावभर पाणी ओतलं. वाफ अंगावर आली.

"काय दाजी, वितळलात का?"

"तुझी सोय बघ तू."

वेइयोने आणखी पाणी ओतलं. उर्पोचे कान वाजू लागले, समोरची भिंत हलायला लागली. आपण इथेच कोसळलो तर आउनेलाच ओढून बाहेर काढावं लागेल, हे मनात आलं आणि तो घाबरला.

"वेइयो, मी उतरतो. दात नव्हता, हृदयाचं दुखणं आहे. वर बसायची मनाई आहे मला."

भिंत धरत तो बाहेर आला. गार वारा लागला, आउनेने पाणी दिलं. ती रागावली नाही. उर्पोला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले.

मागोमाग वेइयो आला. तोही भिंत धरूनच.

"जिंकलास की रे!" उर्पो म्हणाला.

"कसलं जिंकतोय! दोन वर्षं झाली, रक्तदाबाच्या गोळ्या खातोय. दर शनिवारी देवाला विनवायचो, आधी या दाजींना उतरव."

आउनेने दोघांकडे पाहिलं आणि मटकन पायरीवर बसली.

"अरे मेल्यांनो, आणि मी आजवर एकाचीच काळजी करत होते!"