भारतीनं पाटी उचलली

भारतीला वर्गात प्रश्न विचारला की ती आधी उत्तर पुटपुटायची. तेही मनातल्या मनात नव्हे, चांगलं पहिल्या बाकापर्यंत ऐकू येईल असं, आणि आपल्या आगरी बोलीत. मग मान वर करून तेच इंग्रजीत सांगायची. पनवेलच्या आमच्या कॉलेजात इंटरनॅशनल बिझनेसच्या पदवीला आलेली बाकीची मुलं फिदीफिदी हसली. मी शिक्षिकेचा चेहरा सांभाळत विचारलं, "हे काय चालतं गं तुझं?"

"मॅडम, पयला माल जमवाचा, मंग गारी भराची."

वर्ग पुन्हा हसला. तीही हसली, पण सवय काही सोडली नाही.

तिचे वडील न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवत. हाच कोर्स का घेतलास, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "बाबा रोज कंटेनर नेतात. आत काय हाय, कुठं चाललंय, त्यांना ठाव नसतं. कोनी सांगतच नाय. घरात एकाला तरी ठाव पायजे ना!" बाकीची मुलं या प्रश्नावर 'स्कोप आहे' म्हणून मोकळी होतात.

तिची आई डोक्यावर पाटी घेऊन खांदा कॉलनीत दारोदार मासळी विकायची. दुसऱ्या वर्षी मी वर्गात सौद्याचा सराव घेतला. भारती विकणारी झाली, एक मुलगा परदेशी गिऱ्हाईक झाला आणि भाव पाडत बसला. भारतीनं मालाच्या नमुन्याची बाटली पिशवीत टाकली, नमस्कार केला आणि सरळ वर्गाबाहेर चालती झाली. मी तिला बोलावून चांगलं झापलं. बोलणी तुटू द्यायची नाहीत, असं पुस्तकात छापलंय!

"मॅडम, आय पाटी उचलते ती जावाला नाय. गिऱ्हाइकाला जागं कराला."

"आणि त्यानं हाक मारलीच नाही तर?"

"तर मासली दुसऱ्या दारी जाते. ती काय एकाच्याच नावाची नसते."

तिसऱ्या वर्षी एक मोठी कंपनी मुलाखती घ्यायला कॉलेजात आली. त्यांना परदेशी ग्राहकांशी बोलणारं माणूस हवं होतं, आणि भारतीचा डोळा त्याच खुर्चीवर होता. तिनं उत्तरं चोख दिली, पण पुटपुटण्यासकट. साहेब लोक एकमेकांकडे बघू लागले. शेवटी म्हणाले, हुशार आहेस, पण बोलणं जरा गावठी वाटतं. आत बसून कागदपत्रं भरायचं काम देतो. मी कोपऱ्यात बसले होते. मनात म्हटलं, घे बाई, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस.

भारती पुटपुटली. त्या खोलीत ते मला एकटीलाच कळलं. "भारते, पाटी उचल."

मग तिनं स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, की मी आभारी आहे, पण ज्यासाठी मी शिकले ते काम हे नाही. फाइल घेतली, नमस्कार केला आणि गेली. हाक मारायला कुणी उठलं नाही.

बरोबरीची मुलं कामाला लागली, ही घरी. आलेली नोकरी लाथाडली म्हणून नातेवाईक तिच्या आईला बोल लावत. मला तर तिची फार काळजी वाटायची. फोन केला की म्हणायची, "मासली ताजी हाय मॅडम. दुसरं दार बघतेय." दिवाळीच्या सुमाराला ते दार उघडलं. परदेशात लोणची-मसाले पाठवणाऱ्या, नवीन पनवेलमधल्या एका छोट्या कंपनीनं तिला घेतलं, आणि ग्राहकांशी बोलायलाच घेतलं.

परवा तिच्या वडिलांचा फोन आला. कॉलेजच्या फाटकातही कधी न आलेला हा अबोल माणूस बंदराबाहेर ट्रेलरच्या रांगेत उभा होता. भारतीनं स्वतः सौदा ठरवलेला पहिला कंटेनर निघाला होता, आणि मालकाच्या मागे लागून त्यांनी ती फेरी मागून घेतली होती.

"मॅडम, आंब्याचं लोनचं हाय आत. जर्मनीला चाललंय."

पलीकडे हॉर्न वाजत होते. रांग पुढे सरकली असावी.

"येवरी वर्सं गारी चालवली," ते म्हणाले, "पन आज पयल्यांदा मला ठाव हाय."