शिडी तिकडे, झेला इकडे

मांजर माझं होतं. ते कौलांवर चढून बसलं, म्हणून मी शेजारच्या सुनेत्राकाकूंकडून आंबे काढायची शिडी आणि झेला, म्हणजे ती लांब काठीची जाळी, दोन्ही मागून आणली. परत करताना ऊन मी म्हणत होतं. काकूंच्या अलीकडे त्यांच्या धाकट्या दिराचं, परशुरामकाकांचं घर. जड शिडी तिथेच पडवीत टेकवली, झेला तेवढा काकूंना पोचवला. वस्तू दोघांच्या सामाईक, बिघडलं काय, असं म्हणून घरी येऊन झोपलो.

बिघडलं ते असं. दोन्ही घरांच्या हद्दीवर एक हापूस आहे. रीत अशी की जो आंबा उतरवेल त्याने वाटे करायचे. गेल्या वर्षी काकू कॉलेजात परीक्षेच्या कामात अडकलेल्या असताना काकांनी झाड रिकामं केलं आणि काकूंचा वाटा म्हणून पाच रायवळ पाठवले. काकूंनी ते खाल्ले नाहीत. खिडकीत मांडून सडू दिले आणि रोज कॉलेजला निघताना त्यांच्याकडे एकदा बघून गेल्या.

यंदा आंबा तयार झाला. शिडीशिवाय फांदी गाठता येत नाही, झेल्याशिवाय शेंडा. नवीन विकत आणणं म्हणजे बाजारपेठेतून आपली हार मिरवत आणणं.

"काकू, काका म्हणतात आधी झेला द्या."

"त्याला सांग, आधी शिडी."

चार हेलपाटे झाल्यावर काकूंनी मला बसवलं. त्या कॉम्प्युटर शिकवतात.

"याला डेडलॉक म्हणतात, यज्ञेश. वस्तू एका वेळी एकालाच वापरता येते. हातातली सोडायची नाही आणि दुसरी हवीच. हिसकावून घ्यायची सोय नाही. वर मी त्याच्यासाठी थांबलेय नि तो माझ्यासाठी. या चारही अटी एकदम जमल्या की सगळं ठप्प."

"आणि एक मोडली तर?"

"तर सुटतं. दर वर्षी वर्गात सांगते."

"मग मोडा की एखादी."

"वर्गात परशुराम नसतो."

आठव्या दिवशी पिकून आंबे टपकायला लागले. काका पडवीत शिडीच्या पायरीवर बसून पेपर वाचत होते. मला राहवेना.

"काकू, कॉम्प्युटर असा अडला की काय करतो हो?"

"एकाचा बळी देतो. ज्याच्या जाण्याने कमीत कमी नुकसान होईल, त्याचा."

एवढं बोलून त्यांनी झेला माझ्या हातात दिला. मग अंगणात खुर्ची टाकली. तोंड झाडाकडे नव्हे, काकांच्या पडवीकडे. पायाशी टोपली होती आणि तिच्यात पाच रायवळ, आधीच निवडून ठेवलेले. काकांनी पेपर खाली घेतला.

बुंध्यावरून लाल मुंग्यांची रांग वर चालली होती. मी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या सुटलेल्या पोटाकडे.

"काकू, शिडीशिवाय मी चढू कसा?"

"तुझं मांजर चढलं तसा."