उजवा हात ऑफिसचा

कुणी जड पिशवी पुढे केली की पिचर डावा हात पुढे करायचा. किराणा, कुकर, आमची झोपलेली इरा, सगळं डाव्या हातानं. उजवा फक्त जेवायला आणि प्रसादाला. "वहिनी, उजवा हात ऑफिसचा आहे," तो माझ्या बायकोला सांगायचा. "घरकामाला नाही लावायचा." वाल्डॉर्फ गावातली आम्ही बाकीची मराठी मंडळी कीबोर्ड बडवून पोट भरणारी; हा एकटा जर्मनीच्या लीगमध्ये बेसबॉल फेकून भरत होता. नाव संग्राम, पण मुलं 'पिचरकाका' म्हणू लागली आणि मोठ्यांनी त्यातला काका गाळून तेच चालू ठेवलं.

या सगळ्याची सुरुवात माझ्यापासून झाली. सांगलीहून तो शिकायला आला तेव्हा आमच्या रविवारच्या क्रिकेटमध्ये फास्ट बोलिंग टाकायचा आणि मी अंपायर असायचो. चेंडू सोडताना त्याचं वाकलेलं कोपर झटक्यात सरळ व्हायचं, म्हणजे क्रिकेटच्या नियमात न बसणारी, उघड उघड फेकी. एका ओव्हरमध्ये मी तीनदा हात आडवा करून नो-बॉल दिला. मला नियमांचा जरा जास्तच पुळका आहे, हे माझ्या घरचेही सांगतील. तो भांडला नाही. चेंडू माझ्या हातात ठेवून म्हणाला, "दादा, मला दुसऱ्या पद्धतीनं येतच नाही," आणि बाउंडरीवर जाऊन उभा राहिला.

तिथून त्यानं एक चेंडू उचलून थेट कीपरच्या ग्लव्हजमध्ये मारला. शेजारच्या मैदानावर बेसबॉलचा सराव चालायचा. त्यांचा म्हातारा ट्रेनर कुंपणापाशी आला आणि त्यानं संग्रामला पुन्हा फेकायला लावलं. मग आणखी दहा वेळा. "गेनाऊ!" म्हणजे 'अगदी अस्संच!', एवढंच तो दर वेळी म्हणत होता. आमच्याकडे जो गुन्हा होता, तेच तिथे काम होतं.

तीन वर्षं तो शिकत शिकत खेळला, मग क्लबनं करार दिला. हाती आलेली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून त्यानं तो घेतला. सांगलीला आईनं दोन दिवस अबोला धरला. व्हिसाच्या कामासाठी आउसलेंडरबेहोर्डंला, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीत, मी त्याच्याबरोबर गेलो होतो. टेबलापलीकडच्या बाईंनी व्यवसाय विचारला. हा म्हणाला, "पिचर." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आल्झो, बरं, आणि खरा व्यवसाय?"

"हाच," तो म्हणाला. त्याचा मला त्या दिवशी हेवा वाटला, हे कबूल करतो.

मॅचला आम्ही डबे घेऊन जायचो. कुणाला खेळ कळायचा नाही. पण तो चेंडू फेकायच्या मातीच्या टेकाडावर उभा राहिला की बायका पोह्यांचा डबा बंद करायच्या. चांगला फेकला का, असं विचारलं तर म्हणायचा, "फलंदाज घरी गेला का? मग चांगला."

पाचव्या वर्षी कोपर दुखायला लागलं. डॉक्टरांनी वर्षभर फेकू नको म्हणून सांगितलं, नाहीतर हात कायमचा अडकेल. पण त्याच वर्षी करार नव्यानं व्हायचा होता. त्यानं क्लबला काही सांगितलं नाही, मला सांगितलं आणि शपथ घातली. नियमांचा पुळका असलेला मी गप्प बसलो. कोलोनच्या मॅचमध्ये एक चेंडू त्याच्या पायापासून चार हातांवर मातीत पडला. त्यानं डाव्या हातानं उजवं कोपर धरलं आणि कुणी बोलवायच्या आत स्वतःच बाहेर चालत आला.

ऑपरेशन झालं, पण हात पुरता सरळ काही झाला नाही. गणपतीत तो आमच्याकडे आला तेव्हा मोदकांचं मोठं पातेलं उजव्या हातात धरून जिना चढत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, हात!" तो म्हणाला, "आता हा घरचा झाला, दादा." बायको स्वयंपाकघरात निघून गेली.

तेव्हा मी मनातलं बोललो. मी त्या दिवशी नो-बॉल दिला नसता तर तुझं कोपर शाबूत राहिलं असतं, म्हटलं. तो हसला. "नसता दिलात तर मी जन्मभर तुमच्या रविवारच्या मॅचचा चौथा बोलर राहिलो असतो."

झिंडेलफिंगेन नावाच्या दुसऱ्या गावी त्याला नोकरी लागली. जाण्याआधीच्या रविवारी तो मैदानावर आला आणि त्यानं एक ओव्हर मागितली. मी अंपायर होतोच. तो चार पावलं धावला. वाकलेलं कोपर वाकलेलंच राहिलं, आणि चेंडू एक टप्पा घेऊन हळूच फलंदाजाकडे गेला. फलंदाजानं चौकार मारला.

पिचर वळून माझ्याकडे बघत होता. कोपर सरळ झालंच नव्हतं. नियमाप्रमाणे चेंडू अगदी बरोबर होता. नो-बॉल द्यायला मिळावा, असं मला आयुष्यात तेव्हा एकदाच वाटलं.