तपासायची राहिलेली घागर

माझी नोकरीच संशयाची. आरोग्य सेवक म्हणून मी वर्षानुवर्षं लोकांच्या घरात शिरून त्यांच्या पाण्यात बॅटरी मारत आलो. साक्रीकडच्या पाड्यांवर होतो, तेव्हा तीन गोधड्या पांघरून कुडकुडणारा माणूस मला सांगायचा, ताप नाही. हा काचपट्टीवर रक्त घेऊन जातो, पुढे त्याचं काय करतो कोण जाणे, अशी त्याला शंका. तो माझ्यावर संशय घ्यायचा, मी त्याच्यावर. मग अमळनेरला बदली झाली आणि माझा स्वभाव आणखी बिघडला. इथं नळाला चार-चार दिवसांनी पाणी. घरोघरी ड्रम, टाक्या, पिंपं. दारातच ‘आमच्याकडे काही नाही’ म्हणणारा भेटला की मी चपला काढून थेट मोरीत शिरायचो. सोबतच्या आशाताईलाही तेच शिकवलं होतं, की ‘काही नाही’ म्हणणाऱ्याचं घर आधी बघायचं.

गेल्या भाद्रपदात आमच्याच गल्लीत डेंग्यू निघाला. समोरच्या अक्कांची नात, सहावीतली पोर. शाळा सुटली की ती आधी आमच्याकडे यायची, माझ्या आईजवळ बसून अभ्यास करायची, मग घरी. तिला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. प्लेटलेट उतरत चालल्या होत्या.

रोगी निघाला की आजूबाजूची घरं तपासावी लागतात. मी सुरुवात केली ती अक्कांच्याच कूलरपासून. उन्हाळा सरून कितीतरी दिवस झाले तरी कूलर ओट्यावर आणि त्याच्या तळाला पाणी. मला तेवढंच हवं होतं. खरं तर ते पाणी पळीने पांढऱ्या बशीत घ्यायचं, उजेडात निरखायचं, अळ्या दिसल्या तरच बोलायचं, अशी पद्धत. मी निरखलं नाही. काहीतरी हललंसं वाटलं आणि अख्ख्या गल्लीदेखत कूलर आडवा केला. वर अक्कांना म्हणालो, नातीला तुम्हीच आजारी पाडलंत. वहीत त्यांचं घर ‘दूषित’ लिहून टाकलं. अक्का काही बोलल्या नाहीत, डबा घेऊन धुळ्याच्या बसला निघून गेल्या. मला त्यांच्या गप्प राहण्याचाही संशय आला. चूक सापडली की माणूस असाच मुका होतो, असं मी घरी बायकोला ऐकवलं.

तीन दिवसांनी आशाताई आमच्या दारात उभी. मी पेपर वाचत होतो. वर न बघताच म्हणालो, आमच्याकडे काही नाही.

“भाऊ, काही नही म्हने त्यानं घर पयले देखानं, हाई तुम्हीच शिकाडेल शे ना?”

राग आला, तरी पेपर ठेवून बाजूला झालो. तिने मोरी बघितली, माठ बघितला, फ्रिजमागचा ट्रे ओढून बघितला. मग ती देवघराच्या कोपऱ्याकडे वळली. तिथं वडिलांची घागर होती.

वडील त्याआधीच्या पौषात गेले. आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने पाण्याची मातीची घागर भरतात, तिच्या तोंडावर लोटा ठेवतात. वडिलांची पहिली घागर मीच भरली. एरवी ते पाणी घरातच पिऊन संपतं. या वेळी आईने कुणाला थेंब घेऊ दिला नाही. रोज अंघोळ झाली की झिरपलं असेल तेवढं, तांब्याभर पाणी ती वरून घालायची, आतलं मात्र कधी ओतलं नाही. हे मी रोज बघत होतो. दुसऱ्यांच्या देवघरातले कलशसुद्धा मी सोडले नव्हते, पण या घागरीत बॅटरी मारायचं माझ्या मनातही आलं नाही.

आशाताईने लोटा उचलला, बशीत पाणी घेतलं आणि बशी माझ्यापुढे धरली. अळ्या वळवळत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई मध्ये आली आणि तिने घागरीला मिठी घातली.

“ते पानी तुना बापनं शे,” ती म्हणाली.

मी समजवायला लागलो. तिने मला थांबवून एवढंच विचारलं, पोर रोज इथंच बसायची ना? मी हो म्हणालो. मग तिने स्वतः घागर उचलली आणि मागच्या सीताफळाच्या बुडाशी रिकामी केली. त्या दिवशी ती जेवली नाही.

पोरीला कुठल्या पाण्यातला डास चावला हे कुणीच सांगू शकणार नाही. पण वहीत अक्कांच्या घरापुढचं ‘दूषित’ मी खोडलं आणि तिथं माझं घर लिहिलं. नात बरी होऊन आली त्या दिवशी अक्कांकडे गेलो आणि उभ्या उभ्या सगळं कबूल केलं. अक्का मेथी निवडत होत्या. त्यांना ते आधीच ठाऊक होतं. कूलर पाडला त्याच संध्याकाळी त्या आईला नातीची खबर द्यायला आल्या होत्या, तेव्हा लोट्याच्या फटीतून डास निघताना त्यांनी बघितला होता. मग बोलला का नाहीत, मी विचारलं.

“तुनी मायकडे तुना बापनं तेवढंच ऱ्हायेल व्हतं. गल्लीमा कसाले बोलू? म्हनीसन मीच आशाताईले गुपचूप धाडं.”

मला तिथं उभं राहवेना. बाहेर आलो तर कूलर मी पाडला तसाच ओट्यावर आडवा होता. गल्लीतली माणसं बघत होती. त्यांच्यादेखत मी तो उभा केला, पुसला आणि आत नेऊन ठेवला.