कालुंदराचं जेवण

गजा गेल्याचा निरोप त्याच्या पुतण्याने आणला, तेव्हा मी माशांचं पाणी बदलत होतो. बादली खाली ठेवली. त्याला आता महिना होत आला.

अंधेरीला त्याची न् माझी खोली एका भिंतीआडची. माझी बायको गेली आणि मी कुणाशी बोलेनासा झालो. तिचं दुखणं मला वेळीच दिसलं नाही, हे आत सलत होतं. आज पहिल्यांदा लिहितोय. गजाने सांत्वन वगैरे केलं नाही. लोखंडी पट्ट्यांत लांबीने काचा चिकटवून घरीच काचपेटी बनवली, वेसाव्याच्या खाडीतली कालुंदर माशांची जोडी त्यात सोडली आणि म्हणाला, "आता ही तुझी. सांभाळ."

मी रोज सुका जवळा घालू लागलो. आपल्याला आवडतो, माशाला का नको? थोड्याच दिवसांत एक मासा पोट फुगून तळाशी बसला. हाही माझ्या डोळ्यांदेखत जाणार… गजाला हाक मारली. तो येऊन नुसताच बघत बसला.

"अरे, कर ना काहीतरी!"

"करतोय. तो दुसरा बघ, काच खरवडतोय. जवळ्याकडे ढुंकत नाही. खाडीत हे दगडावरचं शेवाळ खातात रे. तू त्यांना मालवणी खानावळ लावलीस!"

कितीतरी दिवसांनी मी हसलो. जवळा बंद केला. ओहोटीला दोघांनी जाऊन शेवाळलेले दगड आणले. आजारी मासा आधी हललाच नाही. मग एका संध्याकाळी हळूच आला आणि दगडाला तोंड लावलं. तेव्हा गजाला बायकोच्या दुखण्याचं सगळं सांगून टाकलं. तो मग म्हणाला, "मलाही नाही दिसलं, यार. रोज येत होतो ना मी?" एवढंच. त्या रात्री मला झोप लागली.

परवा गजाच्या बायकोने, वहिनींनी बोलावलं. गजाच्या स्वतःच्या पेटीतले एंजल मासे काही खात नव्हते. माझ्याकडे पाहिला तसा शेवाळलेला दगड त्यांनी पेटीत ठेवला होता.

"भावजी, तुमचे खातात, मग यांनाच काय झालं?"

"यांना हलणारं खाणं लागतं, वहिनी."

खोलीमागच्या पाण्याच्या पिंपातल्या डासांच्या अळ्या वाटीत आणल्या. एक सोडली.

"अगंबाई, झडप घातली!" वहिनी ओरडल्या, आणि मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

मी दुसरी अळी सोडली.