तोंडाला बांधलेला दुपट्टा

उन्हात वाळलेल्या सुती दुपट्ट्याचा वास आला की मे महिन्यातली ती दुपार आठवते. लग्न ठरल्यावर आम्ही दोघं पहिल्यांदाच सिनेमा पाहून बाहेर पडलो होतो. त्यातला नायक नायिकेच्या मागेमागे फिरतो नि शेवटी ती हो म्हणते. मीही टाळ्या वाजवल्या होत्या. पार्किंगमध्ये मी फक्त डोळे उघडे ठेवून तोंड बांधलं. तो हसत म्हणाला, "अशातही मी तुले ओळखतो वं. स्थळ पाठवायच्या आधी वर्षभर बेसातल्या घरापर्यंत तुझ्या गाडीमागे यायचो." मी दुपट्ट्याची गाठ आणखी घट्ट केली. घरी आईला सगळं सांगून विचारलं, "याले प्रेम म्हणतात का?" "मग काय म्हणतात वं? नशीब काढलं तू," ती म्हणाली. लग्नाला नऊ वर्षं झालीत. तो घरात असला तरी गाडी काढताना मी आधी आरशात मागचा रस्ता बघते.