माघातलं ग्रहण आणि वनमालाबाईंचा नातू

वनमालाबाई मुलुंडला आमच्याच चाळीत, समोरच्या खोलीत राहत. गिरणीतला नवरा अकाली गेला, तेव्हा त्यांनी बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालायचं काम धरलं आणि त्यावर मुलाला, जयवंतला, वाढवलं. चाळीतली निम्मी पोरं त्यांच्या पायांवर न्हालेली.

ऐंशी साली माघात सूर्यग्रहण लागलं. जयवंतच्या बायकोला, सुलक्षणाला, तेव्हा सहावा महिना होता. बाईंनी तिला निजवलं आणि ग्रहण सुटेपर्यंत कूससुद्धा बदलू दिली नाही. पुढे तिचं पोट फारच वाढलं. जुळं होणार, असं सगळे धरून चालले.

मे महिन्यात एकच मुलगा झाला, तोही अगदी किरकोळ. दूध पाजलं की तो हिरवंगार ओकायचा. असं बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. मायलेकांना मोठ्या इस्पितळात हलवलं. मीही सोबत गेलो.

भेटायला आलेली शेजारीण शेवंती म्हणाली, "ग्रहण भोवलं."

बाई सुनेकडे वळल्या. "खरा सांग गो, त्या दिवशी काय कापलंस?"

"आई, तुम्हीच ना उशाशी बसला होता?"



बाळाच्या पोटाचा एक्स-रे पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जठराच्या पुढचं आतडं बंद आहे. आजच ऑपरेशन करावं लागेल."

"आमचा चुकला काय?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही. गर्भात हे आतडं आधी आतून भरून येतं, मग पोकळ होतं. याचं झालंच नाही. गर्भाशयातलं पाणी बाळ पितं; ते पुढे जाईना, म्हणून आईचं पोट वाढलं. हे हिरवं म्हणजे अडलेलं पित्त."

"पण ह्या झाला कधी?"

डॉक्टरीणबाईंनी महिने मोजले. "दिवाळीच्या सुमारास."

दिवाळीत सुलक्षणाला दिवस गेल्याचं नुकतंच कळलं होतं. घरात करंज्या चालल्या होत्या. हिशेबात चूक निघाली की ती कुणाची तरी असतेच, अशा समजुतीत माझी कारकुनीची सगळी वर्षं गेली. इथे मात्र ती कुणाचीच निघत नव्हती.

ऑपरेशन झालं. बऱ्याच दिवसांनी पोराच्या पोटात दूध टिकलं. त्या दिवशी शेवंतीने पुन्हा ग्रहणाचं काढलं.

सुनेची वेणी घालता घालता बाई म्हणाल्या, "ग्रहण माघात लागला, आतडा दिवाळीतच अडाकला. ग्रहणाक कित्याक नावा ठेवतंस? आणि माझ्या सुनेक तर नकोच."